नाव ठेवू नका, नावानं हाक मारा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांत सोसायटीनं काय काय कमावलं, हे आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. बोअर, टाकी, रस्ता, झाडं, सगळं खरं आहे. जमेची बाजू झाली. मी आयुष्य बँकेत काढलं, त्यामुळे नावेची बाजू मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. आणि ही नोंद माझ्याच घरातली आहे.

माझा नातू आठवीत आहे. एकदा जेवताना तो म्हणाला, "आजोबा, आमच्या वर्गातला कोयता चार दिवस झाले येतच नाही." मी विचारलं, कोयता कोण? तर म्हणे, एक मुलगा आहे, त्याचे आई-वडील ऊसतोडीला जातात. हे नाव कुणी ठेवलं? "मीच!" असं तो मोठ्या ऐटीत म्हणाला. आणि मी हसलो. "बरं नाव शोधलंस की," असंही म्हणालो.

ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते, तिला एक कोयता म्हणतात, हे आपल्या बीड जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. मुकादमाची उचल घ्यायची, दिवाळीच्या आगेमागे गाव सोडायचं, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जायचं आणि उन्हाळा लागल्यावर परत यायचं. लेकरं कधी बरोबर जातात, कधी आजीजवळ राहतात, कधी हंगामी वसतिगृहात. ज्या साखरेचा चहा पिऊन आपण सकाळी पेपर वाचतो, त्या साखरेमागे हे लेकरू आहे.

आठवड्याभरानं वर्गशिक्षकांचा फोन आला. मी शाळेत गेलो. तिथं एक म्हातारी बाई बाकड्याच्या कडेला अवघडून बसली होती. त्या मुलाची आजी. मला म्हणाली, "साहेब, लेकरू रोज म्हणतंय पोट दुखतंय. दोन दवाखाने केले, काहीच निघंना. रात्री झोपत न्हाई. परवा म्हणलं, आजी, मी नसतो तर बरं झालं असतं." त्या बाईनं माझ्या नातवाबद्दल एक वाईट शब्द काढला नाही. त्यामुळे मला जास्तच लागलं.

घरी येऊन मी या विषयावर वाचायला लागलो. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेअस यांनी १९७०च्या दशकापासून शाळेतल्या छळाचा अभ्यास केला. थट्टा आणि छळ यांतला फरक ओळखायच्या त्यांनी तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम दुखावणं, ते पुन्हा पुन्हा करणं, आणि समोरच्याला उलट उत्तर देण्याची ताकद नसणं. 'कोयता' या नावाला तिन्ही खुणा लागू होत्या. आपण मात्र म्हणतो, "पोरं आहेत, चालायचंच."

कायदे नाहीत असं नाही. आपल्या राज्यानं रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्येच केला. त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. २०२४ मध्ये बदलापूरच्या घटनेनंतर शाळांमधल्या तक्रारपेट्यांचे आणि सीसीटीव्हीचे आदेश निघाले. हे सगळं हवंच. पण लेकराची तक्रार पेटीत पडायच्या आधी पोटात दुखते. भूक जाते, झोप उडते, मार्क घसरतात, मूल चिडचिड करतं नाहीतर एकदम गप्प होतं. त्याला आपण "नाटकं" म्हणतो.

बँकेत दिवसाचा ताळा लागल्याशिवाय आम्ही घरी जात नसू. दहा रुपयांचा फरक असला तरी रात्री नऊपर्यंत शोधायचो, कारण आजचा दहाचा फरक उद्या सापडत नाही. घरात मात्र मी तो ताळा कधी घातला नाही. नातवाला रोज विचारायचो, "किती मार्क पडले?" "आज वर्गात कुणी रडलं का, कुणी एकटं बसलं होतं का," हे कधीच विचारलं नाही.

पुढं काय झालं? मी नातवाला मारलं नाही, बोललोही फारसं नाही. मी स्वतः का हसलो, ते चुकलं कसं, हे त्याला सांगितलं. मग आम्ही दोघं त्या मुलाच्या घरी गेलो. शिक्षकांच्या सल्ल्यानं त्याला मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवलं. तीन आठवड्यांनी तो शाळेत यायला लागला. दोघं जिवलग मित्र झाले, असं सांगून मी तुम्हाला खोटं बोलणार नाही. पण आता नातू त्याला नावानं हाक मारतो.

२०२५ मध्ये आपल्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांनी पोलिसांच्या नावाच्या पाट्यांवरून आडनावं काढून टाकली, नुसतं नाव ठेवलं. जात आडवी येऊ नये म्हणून. पोलीस ठाण्यात जे होऊ शकतं, ते आपल्या आवारात का होऊ नये?

म्हणून समितीला माझी विनंती आहे. आवारात खेळणाऱ्या कुठल्याही मुलाला त्याच्या जातीवरून, रंगावरून, अंगकाठीवरून, आई-बापाच्या कामावरून कुणी हाक मारणार नाही, मोठ्यांनीही नाही, एवढा ठराव करावा. बघ्याची भूमिका घेणाऱ्या मुलांना सांगावं की, मध्ये पडायची भीती वाटत असेल तर निदान हसू नका आणि मोठ्यांना सांगा. आणि नोटीस बोर्डावर दोन नंबर मोठ्या अक्षरांत लावावेत: मुलांसाठी १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी 'टेलि-मानस'चा १४४१६. दोन्ही मोफत आहेत, रात्रीसुद्धा लागतात. एखादं मूल मरणाची भाषा बोललं तर एक दिवसही थांबू नका. त्याला एकटं सोडू नका, जिल्हा रुग्णालय गाठा.

बालमित्रांनो, तुमच्यापैकी कुणाला असा त्रास होत असेल तर सांगा. आई-बाबांना सांगवत नसेल तर मला सांगा. संध्याकाळी मी गेटजवळच्या बाकावर असतो. या वेळी मी हसणार नाही.