उसने शब्द आणि आपली टाकसाळ



गणेशोत्सवापासून लग्नसमारंभापर्यंत आज ‘कराओके’ हा शब्द रुळला आहे. त्याची कुळकथा उद्बोधक आहे. प्राचीन ग्रीक नाट्यगृहात समूहनर्तनाच्या जागेला ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणत. इंग्रजीत हाच शब्द वाद्यवृंदवाचक झाला. जपानने तो घेतला, त्यातला ‘ओके’ एवढाच तुकडा ठेवला आणि त्याआधी आपला ‘कारा’, म्हणजे ‘रिकामा’, जोडला. १९७१ साली कोबे शहरात दाइसुके इनोउए यांनी यासाठी यंत्र बनविले. पुढे हा शब्द जगभर गेला. भ्रमणध्वनीच्या रिंगटोनलाही जपान्यांनी ‘चाकुमेरो’ म्हटले. ‘चाकुशिन’, म्हणजे फोन येणे, आणि ‘मेलडी’ यांचा हा सांधा.

मराठीलाही ही विद्या अवगत होती. युरोपातून आलेल्या हार्मोनियमला मराठी माणसाने ‘पेटी’ हे घरगुती नाव दिले आणि ते वाद्य आपलेसे केले. ‘रिंगटोन’ आणि ‘कॉलर ट्यून’ मात्र जशाच्या तशा उचलल्या गेल्या.

उसनवारीत कमीपणा नाही. उसन्या धातूवर आपली मुद्रा न उमटविणे, हा कमीपणा आहे. टाकसाळ बंद पडली, की भाषा केवळ गिऱ्हाईक उरते. म्हणून घरात नवी वस्तू येईल, तेव्हा मुलांनाच विचारावे : हिला आपण काय म्हणू या?