अक्षराचा मान आणि पार्श्वभूमीचे काम

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. तालीम, शिष्यवृत्ती, शिस्त असे विषय सोडून हा मास्तर संगणकावरच्या चित्रांत अक्षरे कशी बसवावीत हे का सांगतो आहे? परंतु आपण विचार करावा. पूर्वी लग्नाची पत्रिका छापायची तर छापखान्यात जावे लागे. तिथला माणूस वर्षानुवर्षे खिळे जुळवून तयार झालेला असे. आज ईदच्या शुभेच्छा, निकाहाचे निमंत्रण, जनाज्याची खबर, शाळेची सूचना, दुकानाची जाहिरात हे सारे घरातला पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी मोबाईलवर तयार करते. प्रत्येक घरात छापखाना आला. मात्र छापखान्याचा हुनर त्याबरोबर आला नाही. तो शिकावा लागतो, आणि शिकता येतो, एवढेच मला सांगायचे आहे.

हे शिकणे का महत्त्वाचे, याचे एक उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीच्या वालिदा मोबाईल घेऊन शाळेत आल्या. त्यावर शिष्यवृत्तीची सूचना होती. चित्रात घुमट होता, चंद्रकोर होती, फुलांची वेल होती, चार मान्यवरांची छायाचित्रे होती. अर्जाची शेवटची तारीखही होती. पण ती सोनेरी पट्टीवर पिवळ्या अक्षरांत, खालच्या कोपऱ्यात होती. बाई शिकलेल्या होत्या, सूचना त्यांनी दोनदा पाहिली होती. तारीख मात्र त्यांना दिसली नाही, आणि त्या आल्या तेव्हा मुदत उलटून दोन दिवस झाले होते. सूचना काढणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. तरी एका मुलीचे त्या वर्षीचे पैसे गेले. म्हणून मी म्हणतो की हा नुसत्या सजावटीचा विषय नाही.

आपण नाशिककर. अक्षर आणि पार्श्वभूमी यांचे नाते शिकायला आपल्याला दूर जायला नको. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली आपल्या त्र्यंबकेश्वरचा. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी छायाचित्रण, ब्लॉक तयार करणे आणि छपाई हाच त्यांचा व्यवसाय होता. आणि नाशिकरोडला १९२५ साली सुरू झालेले इंडिया सिक्युरिटी प्रेस व १९२८ साली सुरू झालेले करन्सी नोट प्रेस तर आपल्या रोजच्या रस्त्यावर आहेत. टपाल तिकिटे, पासपोर्ट आणि नोटा छापणारे हे गाव आहे.

आपल्या खिशात पाचशेची नोट असेल तर काढून पाहावी. तिच्यावर किती गर्दी आहे! बारीक रेषांची जाळी आहे, चित्रे आहेत, सही, क्रमांक आणि दोन लिप्यांतले आकडे आहेत, त्यांत देवनागरी '५००' देखील आहे. मागच्या बाजूला पंधरा भाषांची पट्टी आहे. तीत मराठीही आहे आणि उर्दूही. एवढे सारे असूनही नोट किती रुपयांची हे कोणालाही क्षणात कळते. असे का होते? पहिले कारण, पार्श्वभूमीची जाळी फिकट आहे आणि मुख्य मजकूर गडद आहे. महात्मा गांधींचे चित्र आणि रिझर्व्ह बँकेचे वचन तर उठावदार छपाईने, बोटाला लागेल असे छापलेले असते. दुसरे कारण, सर्वांत महत्त्वाचा आकडा सर्वांत मोठा आहे. तिसरे कारण, एका बाजूला जागा मोकळी सोडली आहे. उजेडात धरली म्हणजे जलचिन्ह तिथेच दिसते. शिवाय त्या जाळीला काम आहे, ते म्हणजे नक्कल करणाऱ्याला अडविण्याचे. आपल्या पत्रिकेतल्या फुलांच्या वेलीला कोणते काम आहे, असा प्रश्न आपण स्वतःला विचारावा. काम नसेल तर तिने निदान अक्षराच्या वाटेत येऊ नये.

अक्षराचा मान राखणे आपल्याला परके नाही. कुरआन शरीफमधील ६८ व्या सूरहचे नावच 'अल-कलम' आहे. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुक्लाने अक्षरांची प्रमाणे बांधून दिली. कलमाच्या टोकाने उमटणारा ठिपका हेच त्यांचे माप. अलिफ किती ठिपक्यांएवढा उंच असावा याचाही नियम होता. उर्दू वर्तमानपत्रे अनेक दशके कातिब हाताने लिहीत आणि मग ती शिळाछापावर छापली जात. चेन्नईला १९२७ साली निघालेले 'द मुसलमान' हे दैनिक तर संगणक आल्यानंतरही कित्येक वर्षे हाताने लिहिले जात होते. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांच्या 'नूरी नस्तालीक'मुळे नस्तालीक लिपी यंत्रावर आली. मराठीकडे पाहावे तर जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याचा सुबक टाइप देशभर गाजला, आणि संगणकावरचा परिचित 'मंगल' टाइप रघुनाथ कृष्ण जोशी यांनी घडविला. या सर्वांनी आयुष्य वेचले ते वाचणाऱ्याच्या डोळ्याला त्रास होऊ नये म्हणून. आपण त्यांच्या अक्षरामागे भडक चित्र टाकून ते बुडवावे, हे योग्य नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. विद्यार्थी मित्रांनी हे मुद्दे वहीत उतरवून घ्यावेत. १९९० साली बाजारात आलेला 'फोटोशॉप' हा विकतचा कार्यक्रम आहे. १९९६ साली प्रथम प्रसिद्ध झालेला 'गिंप' फुकट मिळतो, आणि शिकण्यासाठी तो पुरेसा आहे. चोरीची प्रत वापरण्याची गरज नाही.

पहिला मुद्दा थरांचा. या कार्यक्रमांत 'लेअर' म्हणजे थर असतात. एकावर एक पारदर्शक कागद ठेवले आहेत असे समजावे. तळाशी चित्र, मध्ये रंगाची पट्टी, वर अक्षरे. प्रत्येकाचा थर निराळा ठेवावा. म्हणजे उद्या तारीख बदलली तर तेवढीच बदलता येते, सारे काम पुन्हा करावे लागत नाही. मूळ छायाचित्रावर कधीच काम करू नये, त्याची प्रत घ्यावी.

दुसरा मुद्दा उजळपणातील फरकाचा. दोन रंग निराळे आहेत एवढे पुरत नाही. एक उजळ आणि दुसरा गडद हवा. संकेतस्थळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत लहान अक्षरासाठी हे प्रमाण किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरासाठी ३ ला १ सांगितले आहे. पांढऱ्यावर काळे हे २१ ला १ भरते. आपल्याकडे हिरवा रंग फार आवडीचा. परंतु गडद हिरव्यावर भडक लाल अक्षर लिहिले तर प्रमाण पुरेसे भरत नाही. शिवाय काही माणसांना लाल-हिरव्यातला भेद मुळातच दिसत नाही. त्याच हिरव्यावर पांढरे अक्षर लिहा, लांबून वाचता येईल. सोपी परीक्षा अशी की चित्र क्षणभर काळे-पांढरे करून पाहावे. त्यात अक्षर हरवले तर रंग बदलावा.

तिसरा मुद्दा पार्श्वभूमी शांत करण्याचा. छायाचित्रावर मजकूर लिहायचाच असेल तर आधी छायाचित्राला थोडे मागे सरकवावे. त्याचे तीन उपाय आहेत. 'ब्लर' वापरून चित्र अंधुक करणे. त्याचा उजेड कमी करणे. किंवा अक्षरांच्या मागे काळ्या अथवा पांढऱ्या रंगाची अर्धपारदर्शक पट्टी टाकणे. ही पट्टी साठ-सत्तर टक्के दाट ठेवली तर चित्र दिसत राहते आणि अक्षरही उठून येते. आकाश, भिंत, मैदान अशी मोकळी जागा चित्रात असेल तर मजकूर तिथेच बसवावा, पट्टीचीही गरज पडत नाही.

पुष्कळ मुले याऐवजी अक्षराला जाड कड, चमक आणि तिहेरी सावली देतात. इंग्रजीच्या मोठ्या अक्षरांना ते एक वेळ चालून जाईल, पण आपल्या दोन्ही लिप्यांना चालत नाही. उर्दूत 'बे', 'पे', 'ते' यांचे अंग एकच. भेद केवळ नुक्त्यांचा. बेच्या खाली एक, पेच्या खाली तीन, तेच्या वर दोन. कड जाड झाली की नुक्ते एकमेकांत मिसळतात आणि शब्दच बदलतो. मराठीत अनुस्वार हरवला तर 'रंगा'ची 'रग' होते आणि 'वंशा'चा 'वश' होतो. सावली द्यायचीच तर एकच, मऊ आणि लहान द्यावी.

चौथा मुद्दा अंतराचा. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार असतात. म्हणून दोन ओळींतले अंतर इंग्रजीपेक्षा जास्त, अक्षराच्या उंचीच्या सुमारे दीडपट ठेवावे. अक्षरे ताणून दूर करू नयेत; मराठीची शिरोरेषा तुटते आणि उर्दूची जोड तुटते. काही कार्यक्रमांत उर्दू सुटी सुटी व उलटी पडते किंवा मराठीची जोडाक्षरे फुटतात. तेव्हा तसाच मजकूर पुढे पाठवू नये. कार्यक्रमाच्या मांडणीत भारतीय व मध्यपूर्वेच्या लिप्यांची सोय असते, ती सुरू करावी आणि युनिकोड टाइप वापरावा. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींचा 'मुक्त' आणि उर्दूसाठी 'नोटो नस्तालीक' हे टाइप विनामूल्य मिळतात. एका पानावर दोनच टाइप वापरावेत, ते पुरेसे आहेत.

पाचवा मुद्दा कागदाचा. पडद्यावर छान दिसणारे चित्र छापल्यावर फुटते, कारण कागदाला एका इंचात तीनशे ठिपके लागतात. ए-फोर आकाराच्या पानासाठी चित्र २४८० बाय ३५०८ ठिपक्यांचे हवे. मोबाईलवरून फिरत आलेले छायाचित्र बहुधा त्याहून पुष्कळ लहान झालेले असते. ते ओढून मोठे केले तरी तपशील परत येत नाही. पडद्यावरचा झगझगीत हिरवा छापखान्याच्या चार शाईंत मंद पडतो, म्हणून आधी एक नमुना छापून पाहावा. अक्षरे असलेले चित्र पाठविताना 'पीएनजी' प्रकारात जतन करावे; 'जेपीजी'त अक्षरांच्या कडेला धूळ बसल्यासारखे दिसते.

आणखी दोन गोष्टी अदबीच्या आहेत. जाहिरातीच्या वा पत्रिकेच्या पार्श्वभूमीला शोभा म्हणून पवित्र आयती टाकू नयेत. तो कागद उद्या कोठे पडेल, कोणाच्या पायाखाली येईल, हे आपल्या हाती नसते. दुसरे असे की ज्या हुनराने छायाचित्राचा उजेड वाढविता येतो, त्याच हुनराने गुणपत्रिकेवरचा आकडाही बदलता येतो. पहिले काम कला आहे, दुसरे गुन्हा आहे. मुलांना आपण ही सीमा घरातच शिकवावी.

पालकांना माझी विनंती अशी. मुलगा संगणकावर चित्रे करीत बसला तर तो वेळ वाया घालवतो आहे असे एकदम समजू नये. त्याला विचारावे, "तू हे कोणासाठी करतो आहेस? वाचणाऱ्याला आधी काय दिसायला हवे?" ज्याच्यापाशी उत्तर आहे तो शिकतो आहे. राज्य शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट रेखाकला परीक्षांना मुलांना जरूर बसवावे. पुढे उपयोजित कलेचे शिक्षण आहे, आय.टी.आय.मध्ये डेस्कटॉप पब्लिशिंगचा अभ्यासक्रम आहे. मराठी, उर्दू, हिंदी आणि इंग्रजी या चारही भाषांत शुद्ध व सुबक मजकूर मांडणारी माणसे थोडी आहेत. आपल्या मुलामुलींना या भाषा घरातून आणि शाळेतून मिळतात. ही आपली पुंजी आहे. ज्या मुलींना दूर नोकरीला जाणे अवघड, त्यांना हे काम घरी बसूनही सन्मानाने करता येईल. मात्र हात आधी कागदावर चालला पाहिजे. वळणदार अक्षर काढणाऱ्याला संगणकावरचे अक्षर लवकर कळते.

शेवटी, कोणतीही सूचना वा पत्रिका पुढे पाठविण्यापूर्वी तीन परीक्षा घ्याव्यात. मोबाईल हात लांब करून धरावा. तारीख, वेळ आणि ठिकाण वाचता येते का ते पाहावे. चित्र काळे-पांढरे करून पाहावे. आणि घरातल्या दादी-नानीला चष्मा लावून वाचायला द्यावे. त्या जिथे अडखळतील तिथे दुरुस्ती करावी. चित्राबरोबर तोच मजकूर खाली साध्या अक्षरांतही लिहावा, म्हणजे ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांचा मोबाईल तो वाचून दाखवू शकेल. आपल्या संस्थेच्या पुढील प्रवेश-सूचनेपासूनच ही पद्धत सुरू करावी, आणि ते काम वरच्या वर्गातील मुलामुलींकडे सोपवावे, अशी मी पदाधिकाऱ्यांना विनंती करतो.