महिन्याला एक कादंबरी

आज बोलायचं आहे ते गल्लीतल्या वाचकांच्या मासिक बैठकीबद्दल. दहा-बारा माणसं महिन्यातून एकदा जमतात, सगळ्यांनी एकच कादंबरी वाचलेली असते आणि दोन तास तिच्यावर बोलणं होतं. असं काही पुण्या-मुंबईतच चालतं, असा समज आहे. मला तो पटत नाही. निफाड तालुक्यातल्या आपल्या विंचूरसारख्या गावात ही बैठक जास्त रंगेल, असं माझं ठाम मत आहे.

एक तर जमून पुस्तक ऐकायची सवय आपल्याला जुनीच आहे. चातुर्मासात ‘नवनाथ भक्तिसार’ किंवा ‘हरिविजय’ लागतो, तेव्हा एक जण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो आणि ऐकणाऱ्या आजीबाई मध्येच थांबवून शंका विचारतात. ते वाचन एकट्याचं कधीच नव्हतं. मराठी कादंबरीही हप्त्याहप्त्यानेच घरात शिरली. हरि नारायण आपट्यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ त्यातूनच क्रमशः छापली. यमूचं पुढे काय होणार, हे कळायला पुढच्या अंकाची वाट पाहावी लागे. मधल्या दिवसांत बोलायला भरपूर वाव!

पुस्तकं आणायची कुठून? याचं एक मोठं उत्तर नाशिकनेच दिलं आहे. 2009 मध्ये विनायक रानडे यांनी कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला. निवडक पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे येते, गटातलाच एक जण ती सांभाळतो आणि काही महिन्यांनी ती बदलून दुसरी येते. सोसायट्या, कार्यालयं, इतकंच काय तुरुंगांपर्यंत आणि दुबईपर्यंत या पेट्या पोहोचल्या. पण पेटीत एका पुस्तकाची बहुधा एकच प्रत. गावच्या वाचनालयातही तेच. चर्चेला मात्र एका महिन्यात दहा जणांच्या हाती तीच कादंबरी लागते.

इथे भिशी कामाला येते. दर महिन्याला प्रत्येकाने थोडे पैसे काढायचे आणि एकाच कादंबरीच्या तीन-चार प्रती घ्यायच्या. प्रत आठ-दहा दिवसांत पुढच्या घरी गेलीच पाहिजे, एवढा एकच नियम कडक ठेवावा. त्यासाठी कादंबरी दोन महिने आधी ठरवावी लागते. चर्चा झाल्यावर त्या प्रती वाचनालयाला दिल्या तर उत्तमच.

तारखेचं बंधनही शेतीकडे बघूनच घालावं. द्राक्षांचा खुडा चालू असताना किंवा उन्हाळ कांदा काढायला आलेला असताना कुणाला पाचशे पानं देऊ नयेत. त्या महिन्यांत छोटी कादंबरी घ्यावी, जाडजूड पावसाळ्यासाठी ठेवावी.

आता चर्चेबद्दल, कारण खरी गंमत तिथेच आहे. समजा, सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ ठरली. या कादंबरीला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकनाथ शिकलेला, पण नोकरी नाही म्हणून शेतीत अडकलेला. त्याची बायको अलका या घरात रमत नाही. वडील सुभानराव गुप्तधनाच्या मागे लागलेले. विंचूरच्या बैठकीत ही कादंबरी उघडली की काय होईल बघा. लासलगाव बाजार समितीच्या इथल्या उपबाजारात लिलावाला उभं राहिलेला शेतकरी तिथे असेल. पुकारलेला भाव ऐकून माल द्यावा की ट्रॅक्टर घरी न्यावा, हा पेच त्याने सोसलेला आहे. एकनाथची चिडचिड त्याला समजावून सांगावी लागणार नाही. पण शेजारी शहरातून लग्न होऊन आलेली सूनही बसलेली असेल. ती म्हणेल, अलकाला दोष देण्याआधी तिला या घरात कुणी काय विचारलं ते सांगा. सुभानराव लोभी की हतबल, यावरून निवृत्त गुरुजी आणि बँकेतला तरुण यांची जुंपेल. अशी कामाधामाची, वयाची सरमिसळ शहरातल्या मंडळात सहसा मिळत नाही, कारण तिथे बहुतेक सारखीच माणसं जमतात.

मध्येच गाडी कांद्याच्या भावावर घसरेल. घसरू द्यावी. दहा मिनिटांनी मात्र कुणीतरी पुस्तक उघडून एखादा उतारा मोठ्याने वाचावा आणि विचारावं, इथे एकनाथ गप्प का बसला? असा नेमका प्रश्न बैठकीला परत पानावर आणतो. ‘कादंबरी कशी वाटली?’ याला ‘छान’ एवढंच उत्तर येतं. कथानक सांगण्यातही वेळ दवडू नये. ज्यांची वाचून पूर्ण झाली नाही त्यांनीही यावं, आणि एरवी न बोलणाऱ्याला पहिली संधी द्यावी.

एक विनंती कळकळीने करतो. प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक आणि आभार यांपासून ही बैठक दूर ठेवा. व्यासपीठ मांडलं की समोरचे श्रोते होतात आणि बोलायचे थांबतात. सतरंजीवर गोल बसावं, चहा असावा, बस्स.

सुरुवात व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ने करावी, असं मी सुचवेन. 1955 ची ही छोटेखानी कादंबरी. माणदेशातल्या धनगरवाडीत एक तरुण मास्तर येतो, शाळा भरवतो, लोकांकडून तालीम बांधून घेतो आणि दुष्काळात ती वाडी उठून जाते. दोन-तीन रात्रींत वाचून होते. मग केव्हातरी कुसुमाग्रजांची ‘वैष्णव’ घ्या. त्यांचं बालपण याच तालुक्यातल्या पिंपळगाव बसवंतमध्ये गेलं, पण कवी आणि नाटककार म्हणून ओळखणाऱ्या कित्येकांनी त्यांची कादंबरी हाती घेतलेली नसते. आणि उद्धव शेळक्यांची ‘धग’ घ्याल तेव्हा कौतिकचे संवाद मोठ्याने वाचा. वऱ्हाडी बोली डोळ्यांना अडते, कानाला अडत नाही. गावात विदर्भातून आलेली कुणी सून किंवा शिक्षक असतील, तर त्या महिन्याचं वाचन त्यांच्याकडे द्या.