परमुलखातील मास्तर



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे प्राध्यापक बोलून गेले. मी त्यांपैकी नव्हे. माझी शाळा लवकर सुटली. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर आणि युनियनच्या कचेरीतील एका कपाटातल्या पुस्तकांवर. अशा माणसाने चीनमध्ये जाऊन शिकविणाऱ्या परकीय शिक्षकाविषयी बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. पण ज्या शिक्षकाची हकिकत मला सांगावयाची आहे तो शेजारच्या सोलापूरचा, गिरण्यांच्या गावातला आहे, आणि त्याने मला माझ्या कामातील एक मोठी चूक दाखविली आहे.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव आपणां सर्वांस ठाऊक आहे. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला आणि जखमी शिपायांवर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर घरोघर पोहोचला. परंतु याच डॉक्टरने अखेरची दोन-अडीच वर्षे चीनमधील एका खेड्यात मास्तरकीही केली, ही गोष्ट मागे राहिली. मी आज त्या मास्तराविषयीच बोलणार आहे.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकले. १९३७ मध्ये जपानने चीनवर चढाई केली. चीनचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे मदत मागितली आणि सुभाषबाबू अध्यक्ष असताना काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविण्याचे ठरविले. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस असे पाच जण १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून बोटीने निघाले. चोळकर नागपूरचे, वयाने सर्वांत वडील. कोटणीस अठ्ठावीसही पुरे नव्हते. फेब्रुवारी १९३९ मध्ये हे पथक येनानला पोहोचले. बाकीचे चौघे पुढे एकेक करून स्वदेशी परतले. कोटणीस परतले नाहीत.

१९४० मध्ये ते शान्सी, चाहार आणि होपेई या प्रांतांच्या सीमेवरील लढाऊ मुलखात गेले. तेथे कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांच्या साह्याने १९३९ मध्ये सैन्यासाठी एक वैद्यकीय शाळा उघडली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात, शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम चिघळून बेथून वारले आणि शाळेला त्यांचे नाव देण्यात आले. या शाळेत कोटणीस शस्त्रक्रिया शिकवू लागले. जानेवारी १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपदही त्यांच्याकडे आले.

शाळा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे इमारत येते, घंटा येते. येथे तसले काही नव्हते. खेड्यातली घरे हीच वर्गाची जागा. नाकेबंदीमुळे औषधांचा आणि हत्यारांचा तुटवडा. जपानी फौजांची धाड आली की शाळेने, रुग्णालयाने, रोग्यांसकट डोंगरात सरकावयाचे. हे चित्र सातारकरांना आणि सांगलीकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. १९४२ च्या लढ्यात आणि पुढे प्रतिसरकारच्या दिवसांत, जेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग सातारा जिल्ह्यातच होता, तेव्हा आपल्या खेड्यांनी भूमिगतांना असेच एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचविले. धाडीच्या काळात माणूस लपविता येतो, शिधा लपविता येतो. पण शाळा चालू ठेवणे ही गोष्ट फार अवघड, आणि ती तेथे चालू राहिली.

आता मुख्य प्रश्न. हा परका मनुष्य शिकविणार कोणत्या भाषेत? त्याचे सारे वैद्यक इंग्रजीतून झालेले. समोर बसलेली बहुतेक शेतकऱ्यांची पोरे, जेमतेम शाळा पाहिलेली. दुभाष्या घेऊन काम भागले असते. परक्या पाहुण्याला कोणी नाव ठेवले नसते. कोटणीसांनी चिनी भाषा शिकावयास घेतली आणि ते चिनीतून शिकवू लागले. चिनी भाषा म्हणजे साधी गोष्ट नव्हे. 'मा' हा एकच उच्चार चार सुरांत केला तर आई, ताग, घोडा आणि शिवी देणे असे चार अर्थ होतात. नवख्याचे हसे होते. ज्याला आपले हसे झालेले सोसत नाही त्याला परकी भाषा येत नाही, आणि म्हणून परक्यांना शिकविताही येत नाही.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहावयास बसले. सर्वसाधारण शस्त्रक्रियेचा भाग पुरा झाला, दुसरा भाग त्यांच्या मृत्यूमुळे अपुरा राहिला. दिवसा रोगी, वर्ग, कारभार, आणि उरलेल्या वेळात पुस्तक!

दुसरी गोष्ट खाण्याची. त्या मुलखातले अन्न म्हणजे राळे. आपल्याकडेही कोरडवाहू रानात राळे होत असत, जुन्या माणसांना आठवतील. तेच राळे शिजवून सैन्य खाई. परक्या डॉक्टरांना मात्र काही अधिक द्यावे अशी यजमानांची इच्छा असे. बेथून यांना महिना शंभर युआन देऊ केले होते आणि त्यांनी ते नाकारले. कोटणीसही सर्वांसारखेच राहिले. त्याच शाळेत शुश्रूषा शिकविणाऱ्या कुओ छिंगलान यांच्याशी १९४१ मध्ये त्यांचा विवाह झाला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला, त्याचे नाव ठेवले यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन.

मी कामगारांत काम करतो, म्हणून या शिध्याच्या प्रश्नाकडे माझे लक्ष जाते. १९४९ नंतर चीनने परकीय तज्ज्ञ पुष्कळ बोलाविले. त्यांना स्थानिक माणसापेक्षा पुष्कळ अधिक पगार असे, आणि पेकिंगमध्ये रशियन तज्ज्ञांसाठी 'मैत्री हॉटेल' नावाचे प्रचंड वसतिस्थान उभे राहिले. नाव मैत्रीचे, पण भिंत मोठी! १९६० मध्ये दोन्ही सरकारांचे बिनसले, रशियाने आपले तज्ज्ञ परत बोलाविले, आणि कित्येक कामांचे आराखडेही त्यांच्याबरोबर गेले. त्यांतील बहुतेक माणसे प्रामाणिकपणे राबली असतील. दोष त्यांचा नव्हे, व्यवस्थेचा. पण शिक्षक गेल्यावर मागे काय उरते, ही त्या शिक्षणाची कसोटी मानावयास हरकत नाही.

आता माझी चूक सांगतो. तीस एक वर्षांपूर्वी मी कामगारांसाठी रविवारचा वर्ग काढला. रात्र रात्र जागून कायद्याची पुस्तके वाचली होती, इंग्रजी शब्द तोंडात बसविले होते. दोन तास बोललो. कोणी शंका विचारली नाही. मला वाटले, सर्वांना समजले. उठता उठता बॉयलरवरचा एक वयस्क कामगार म्हणाला, "दादा, बोललात झकास. पण पोराला बरं नाही म्हणून घरी राहिलो, तर हजेरी कापतील का नाही, ते राहिलंच की." मला त्या रात्री झोप आली नाही. मी त्यांच्याच गावचा, त्यांच्याच भाषेचा, आणि तरी त्या वर्गात मी परकीय शिक्षक होतो. पुढे कोटणीसांविषयी वाचले तेव्हा उलगडा झाला. परकेपणा जन्मगावाने ठरत नाही. समोरच्याची भाषा आणि समोरच्याचा प्रश्न शिकून घेण्याचे ज्याने नाकारले तो परका.

याची उलट बाजूही आपल्या जिल्ह्यातच आहे. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉनलेस अमेरिकन मिशनतर्फे आले. १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उघडले आणि १८९७ मध्ये वैद्यकीय शाळा काढली. त्यांची प्रेरणा धर्मप्रचाराची होती. कोटणीस मृत्यूपूर्वी काही महिने कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले होते. दोघांच्याही मतांशी आपला मतभेद असू शकेल. पण मिरजेचे नाव आज वैद्यकासाठी घेतले जाते, त्याच्या मुळाशी एका परक्याने इथल्या मुलांना शिकविले हे आहे, ते नाकारणे कृतघ्नपणा होईल.

कोणी म्हणेल, चीनचे गोडवे कशाला? १९६२ चे युद्ध आम्ही विसरलेलो नाही. २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान कामी आले, तेही नाही. विसरूच नये. मी कोणत्या सरकारचे गोडवे गात नाही. पण आपलीच हजारो मुले अलीकडच्या काळात डॉक्टर होण्यासाठी चीनच्या प्रांतोप्रांतीच्या शहरांत गेली. पुस्तक इंग्रजी, परंतु खाटेवरचा रोगी चिनी बोलतो! २०२२ मध्ये आपल्या दूतावासाला विद्यार्थ्यांना बजावावे लागले की, चिनी भाषा शिकल्यावाचून गत्यंतर नाही. सोलापूरच्या मास्तराने हे ऐंशी वर्षांपूर्वी ओळखले होते.

कोटणीसांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. मागे जाऊन विश्रांती घ्यावी हा सल्ला त्यांनी मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले. वय बत्तीस, मुलगा साडेतीन महिन्यांचा. पुढे तोही वैद्यकाचा अभ्यास करीत असताना १९६७ मध्ये गेला. कुओ छिंगलान २०१२ पर्यंत होत्या, अनेकदा भारतात येऊन गेल्या. आणि ती डोंगरातली शाळा? ती पुढे वाढत वाढत चांगचुन शहरातील बेथून वैद्यकीय विद्यापीठ झाली, आणि २००० मध्ये चिलिन विद्यापीठात सामील झाली.

सोलापूरला कोटणीसांच्या घराचे स्मारक झाले आहे. फार दूर नाही. मुलांना घेऊन जा. डॉक्टर दाखवा, तसा त्यांना तो मास्तरही दाखवा. आणि आपल्यापैकी जे शिकवितात, मग ते वर्गात असोत, दवाखान्यात असोत की माझ्यासारखे फाटकावर असोत, त्यांनी घरी जाताना एवढे मनाशी विचारावे, की आपण समोरच्याची भाषा शिकलो का? मी तीस वर्षे विचारतो आहे. उत्तर अजून पुरते 'होय' असे आलेले नाही.