जीव कोणासाठी खालीवर होतो?

आज क्लिनिकल सायकॉलॉजीची पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो, तुमचं अभिनंदन. "म्हणजे वेड्यांचे डॉक्टर ना?" हा शेजारपाजारचा प्रश्न इतकी वर्षं झेलत ज्यांनी तुम्हाला शिकवलं, त्या घरच्यांचंही अभिनंदन.

१९९१ साली मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात रुजू झाले. सरकारची मनोरुग्णालयं तेव्हा ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यात एकही नाही. माझी ओपीडी म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि मध्ये हिरवा पडदा. पडद्यापलीकडे ड्रेसिंगची रांग. इकडे बाई रडायला लागली की तिकडची कुजबुज थांबायची, सगळे कान देऊन ऐकायचे. बंद होणारं दार असलेली खोली मिळावी म्हणून मी तीन अर्ज केले. तिन्हींवर एकच शेरा आला, जागा उपलब्ध नाही. त्याच इमारतीत जुन्या खाटा ठेवायला दोन खोल्या होत्या. रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणं हा त्याचा हक्क आहे असं २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आता लिहिलेलं आहे. पण पडदा अजून कित्येक ठिकाणी तसाच आहे, आणि त्याचा राग मला आजही येतो.

दसऱ्याच्या आधी त्या पडद्याआड एक ऊसतोड कामगार बाई आली. सोबत सासू. "बाई, जीव खालीवर होतोय बगा," एवढंच म्हणाली. मी केसपेपरवर इंग्रजीत लिहिलं, 'पॅल्पिटेशन्स, अँक्झायटी'. शिकले होते त्याप्रमाणे जेकबसनच्या पद्धतीनं स्नायू सैल सोडायला शिकवलं. मुठी आवळा, सोडा. खांदे वर घ्या, सोडा. ती निमूटपणे करायची. तीनदा आली, मग आलीच नाही. 'उपचार अर्धवट सोडले' असा शेरा मारून मी कागद फाइलला लावला.

उन्हाळ्यात आमच्या सिस्टरनी सांगितलं. त्या तिच्याच गावाकडच्या. मुकादमाकडून उचल घेतलेली, त्यामुळे नवराबायकोच्या कोयत्याला दसरा झाला की तोडीवर जाणं भाग. थोरली मुलगी तेरा वर्षांची. तिला गावात म्हातारीजवळ ठेवून सहा महिने कसं जायचं, या घोरानं त्या बाईची झोप उडाली होती. म्हातारी म्हणजे तीच सासू, जी माझ्यासमोर तिच्या शेजारी बसलेली असायची. शेवटी निघायच्या आधी त्यांनी मुलीचं लग्न लावून टाकलं.

मराठीत जीव उगाच खालीवर होत नाही. तो कोणासाठी तरी होतो. घरी यायला उशीर झाला की माझी आई दारातच हे म्हणायची. लहानपणापासून कानावर असलेलं हे वाक्य केसपेपर इंग्रजीत लिहिताना माझ्या हातून निसटलं. "कोणासाठी?" एवढं विचारलं असतं आणि सासूला दोन मिनिटं बाहेर बसवलं असतं, तर लग्न थांबलं असतं की नाही हे मी सांगू शकत नाही. पण ती मुलगी माझ्या केसपेपरवर आली असती. तीन भेटींत ती आलीच नाही, याची जबाबदारी माझी.

समोरच्याचे शब्द परक्या साच्यात बसवायची ही खोड आपल्या व्यवसायाला जुनीच. थीमॅटिक ॲपरसेप्शन टेस्टच्या पहिल्या चित्रात एक मुलगा व्हायोलिनसमोर बसलेला आहे. मी शिकत असताना खेड्यातल्या एका दहा वर्षांच्या पोरानं ते बघून सांगितलं, "याच्याकडनं पळी मोडली, आता आई मारंल म्हणून बसलाय." इतकी सुंदर गोष्ट! माझ्या वरिष्ठांनी तिच्यापुढे 'आकलनात दोष' असं लिहिलं. व्हायोलिन कधी न पाहिलेल्या पोराचा कसला दोष? आणि चाचण्या इथल्या मुलांसाठी घडवाव्यात हे कुणाला सुचलंच नव्हतं असंही नाही. डॉ. व्ही. व्ही. कामतांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी घडवायला घेतली ती १९३०च्या दशकात. त्यांच्या कष्टांपुढे मी नतमस्तक आहे. पण त्यांची १९६७ची आवृत्ती आजही कित्येक दवाखान्यांत तशीच वापरली जाते, ही आपल्या सगळ्यांच्या आळसाची गोष्ट आहे.

आता तुमच्याकडे येते. उद्यापासून तुमच्यामागे गुणांचा हिशोब लागेल. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी टिकवण्यासाठी पाच वर्षांत निरंतर शिक्षणाचे शंभर गुण. नियम चांगल्या हेतूनं केलेला आहे. पण त्याचं आपण काय केलं ते मी पाहिलंय. हॉटेलचा हॉल, सकाळी सही, दुपारी जेवण, संध्याकाळी सर्टिफिकेट. अशाच एका कार्यशाळेत 'भारतीय संस्कृती आणि समुपदेशन' हा विषय होता. एकत्र कुटुंब, वडीलधाऱ्यांचा मान, कर्मावर विश्वास, अशी यादी पडद्यावर आली आणि संस्कृती संपली. दिवसभरात जात हा शब्द एकदाही कुणी उच्चारला नाही.

त्याच महिन्यात माझ्याकडे इंजिनिअरिंगच्या वसतिगृहातला एक मुलगा यायचा. झोप लागत नाही, एवढंच सांगायचा. चौथ्या भेटीत म्हणाला, "मॅडम, पहिल्या दिवशी तुम्ही आडनाव विचारलंत. ते विचारलं की समोरच्याचा आवाज बदलतो. तुमचा बदलतो का, ते मी बघत होतो." तीन भेटी तो मला तपासत होता आणि मला पत्ता नव्हता. फॉर्मवरचा तो रकाना मी पंचवीस वर्षं सवयीनं भरत आले होते.

रुग्णाच्याच शब्दांत कसं बोलायचं हे बघायचं असेल, तर गोव्यात 'संगाथ' संस्थेनं केलेलं काम जरूर वाचा. प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी रुग्णांशी 'डिप्रेशन'ऐवजी त्यांच्याच तोंडच्या 'टेन्शन' या शब्दात बोलणं सुरू केलं. सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना या कामाचा फायदा झाला, हे २०१०च्या 'लॅन्सेट'मध्ये आलं. त्यातली एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. त्या समुपदेशकांचं काम कुणीतरी नियमितपणे तपासत होतं. तुमच्या-माझ्यासारख्या पदवीवाल्यांचं कोण तपासतं?

मला भीती वाटते ती याचीच. आजवर तुमची प्रत्येक केस कुणीतरी पाहिली, लाल पेनानं खोडली. उद्या दारावर पाटी लागली की ते लाल पेन जाईल. चुका मात्र होत राहतील, आणि त्या सांगायला रुग्ण परत येत नाही. माझी ती बाई आली नाही. म्हणून कळकळीनं सांगते, रुग्णाचं वाक्य त्याच्याच बोलीत, जसंच्या तसं केसपेपरवर लिहा. आणि तो कागद, नावगाव झाकून, दुसऱ्या कुणाला तरी दाखवत जा. शंभर गुण पूर्ण झाल्यावरही दाखवा. माझ्यासारखे केस पांढरे झाल्यावर तर नक्कीच दाखवा.

आम्ही सहाजण दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी माझ्या घरी बसतो. प्रत्येकानं आपली फसलेली एक केस आणायची आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. याचे गुण मिळत नाहीत, सर्टिफिकेटही नाही. पत्ता तुमच्या विभागप्रमुखांकडे ठेवला आहे. खोली मोठी आहे आणि तिला दार आहे. या.