गोळी हातची, मेंदू कोणाचा?
(पळसदरी येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्यसन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दारूचा गुत्ता येतो, तंबाखूची पुडी येते, फार तर गर्द येते. आज ज्या व्यसनाविषयी बोलायचे आहे ते मात्र गुत्त्यावर मिळत नाही. ते औषधाच्या चकचकीत पट्टीत असते, त्यावर कंपनीचे नाव असते, आणि पुष्कळदा ते आपल्याच घरातल्या कपाटात आजोबांच्या चष्म्याशेजारी पडलेले असते. म्हणूनच ते लवकर ओळखू येत नाही.

मालेगावात अल्प्राझोलाम नावाच्या गोळीला पोरांनी ‘कुत्ता गोळी’ असे नाव ठेवले आहे. छत्रपती संभाजीनगरात नशेसाठी विकल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्यांना ‘बटन’ म्हणतात. भिवंडी आणि मुंब्रा भागात कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाचे साठे पोलिसांनी वेळोवेळी पकडले आहेत. ही गावे आपल्याला परकी नाहीत. तिथे आपले सोयरे आहेत, आपल्या लेकी नांदत आहेत, आपली मुले शिकायला आणि कामाला जातात. दिल्लीच्या एम्स संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीनुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूवर्गीय पदार्थ घेत होते आणि सुमारे १ कोटी १८ लाख लोक गुंगीच्या औषधांचा वैद्यकीय कारणाशिवाय वापर करीत होते. दोन्ही बाबतींत अधिक संख्या असलेल्या राज्यांत आपल्या महाराष्ट्राचे नाव आहे.

आता हे पदार्थ कोणते ते पाहू. पहिला वर्ग अफूचा. मॉर्फिन, कोडीन, ट्रॅमाडॉल, टॅपेन्टाडॉल ही त्यातली औषधे, आणि गर्द म्हणजे हेरॉइन हे त्याच घराण्यातले. दुसरा वर्ग चिंता कमी करणाऱ्या आणि झोप आणणाऱ्या गोळ्यांचा: डायझेपाम, अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, लोराझेपाम. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. ही औषधे मुळात शत्रू नव्हेत. कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिनसारखा आधार नाही. अशा रुग्णांना ते सुलभपणे मिळावे म्हणून सरकारने २०१४ साली कायद्यात दुरुस्तीही केली. फेफऱ्याचा झटका थांबवायला डायझेपामवर्गातील औषध उपयोगी पडते. ‘यात अफू आहे’ म्हणून वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला औषध नाकारणे हे शहाणपण नव्हे. धोका आहे तो डॉक्टरांच्या नजरेबाहेर घेण्यात.

आपल्या शरीरात अफू येण्यापूर्वीच अफूसाठी कुलपे तयार होती, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. मेंदूतील पेशींवर अशी ग्रहणस्थाने आहेत हे १९७३ साली सिद्ध झाले, आणि त्या कुलपांच्या किल्ल्या, म्हणजे वेदना शमविणारी द्रव्ये, मेंदू स्वतःच बनवितो हे १९७५ साली कळले. एन्डॉर्फिन हे त्यांतलेच एक. मार लागल्यावर काही वेळ दुखणे जाणवत नाही, धावून आल्यावर बरे वाटते, त्यामागे ही द्रव्येही असतात. बाहेरची अफू त्याच कुलपात जाऊन बसते, पण कितीतरी जास्त जोराने. उन्हाळ्यात वाडीला रोज टँकर येऊ लागला की विहिरीचा गाळ उपसायला कोणी जात नाही. मेंदूचेही तसेच होते. फुकटचा पुरवठा सुरू झाला की त्याची कुलपे सुस्तावतात, आणि कालच्या एका गोळीचे काम आज दोन गोळ्या करतात. पुढे गोळी सुखासाठी घेतली जात नाही, तर न घेतल्यास होणारे हाल टाळण्यासाठी घेतली जाते. अंग मोडून येते, नाका-डोळ्यांतून पाणी वाहते, जुलाब होतात, झोप उडते.

चिंतेच्या गोळीची तऱ्हा निराळी. पळसदरीच्या लोकांना ती सांगायला मला घाटाकडे बोट दाखविले की पुरे. खंडाळ्याहून उतरणारी गाडी इंजिनाच्या ताकदीवर नव्हे, ब्रेकच्या भरवशावर सुखरूप खाली येते. मेंदूतही उत्तेजन देणारी द्रव्ये आहेत आणि आवरणारी आहेत. आवरणाऱ्यांतले मुख्य द्रव्य म्हणजे गाबा. या गोळ्या गाबाचा ब्रेक अधिक घट्ट दाबतात, म्हणून धडधड थांबते आणि डोळा लागतो. परंतु ब्रेक रोज बाहेरूनच दाबला जाऊ लागला, तर मेंदू आपला स्वतःचा ब्रेक ढिला करतो आणि उत्तेजनाचा जोर वाढवितो. अशा वेळी गोळी एकाएकी बंद झाली तर काय होईल? गाडी उतारावर आणि ब्रेक निकामी! हात थरथरतात, भीती दुपटीने परतते, भ्रम होतात, फेफऱ्यासारखे झटके येतात. त्यात जीवही जाऊ शकतो.

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेच्या आदल्या रात्री कोणी म्हणेल, ‘ही अर्धी घे, डोके शांत राहील.’ लक्षात ठेवा, या गोळ्या नवे काही स्मरणात साठविण्याच्या कामातच अडथळा आणतात. झोप लागते, पण गाढ झोपेचा वाटा कमी होतो. म्हणजे अभ्यासही गेला आणि विश्रांतीही गेली!

आता संप्रेरकांकडे, म्हणजे हार्मोन्सकडे वळू. हा भाग फारसा कोणी सांगत नाही, आणि आई-वडिलांनी तो जाणून घेणे अत्यंत अगत्याचे आहे. शरीरातील ग्रंथींचा कारभार शाळेसारखा चालतो असे समजा. मेंदूच्या तळाशी अधश्चेतक नावाचा मुख्याध्यापक बसलेला आहे. तो ठरावीक अंतराने घंटा देतो. घंटा ऐकून पीयूषिका ग्रंथी पुढे हुकूम पाठविते, आणि मग पुरुषांत वृषण व स्त्रियांत अंडाशय आपापली संप्रेरके तयार करतात. अफूवर्गीय औषध दीर्घकाळ चालले की ही घंटाच मंदावते. मुलग्यांत व पुरुषांत टेस्टोस्टेरॉन घटते. थकवा येतो, स्नायूंची ताकद जाते, मन खिन्न राहते, वैवाहिक जीवनात अडचणी येतात. मुलींची व स्त्रियांची पाळी अनियमित होते, कधी थांबते. मूल होण्यात अडथळे येतात, हाडे ठिसूळ होऊ लागतात. संकटात शरीराला बळ देणारे कॉर्टिसॉलही कमी पडू शकते. ज्या वयात अंग भरायचे त्याच वयात ही घंटा बंद पडली तर केवढे नुकसान, याचा विचार करा. चिंतेच्या गोळ्या कॉर्टिसॉलला काही काळ दाबतात, पण गोळी सुटताच तेच उसळून वर येते. म्हणूनच सोडताना माणूस इतका अस्वस्थ होतो.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मुलगा गोळ्या घेतो हे कळल्यावर आपल्या घरांत काय होते? आधी मारहाण, मग चार दिवस खोलीत कोंडणे, आणि ‘लोक काय म्हणतील’ म्हणून सारे गुपचूप. पालकहो, हात जोडून सांगतो, असे करू नका. झोपेच्या वा चिंतेच्या गोळ्यांची सवय असलेल्याला कोंडून एकदम बंद करणे म्हणजे वर सांगितलेल्या झटक्यांना आमंत्रण. त्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठवड्याआठवड्याने मात्रा उतरवीतच सोडवाव्या लागतात. अफूवर्गाचा धोका उलट टोकाचा आहे. काही दिवस सुटलेल्याचे शरीर जुनी मात्रा झेलू शकत नाही. तो बाहेर पडून पूर्वीइतकीच घेतो आणि श्वास बंद पडतो. दोन्ही वर्ग एकत्र घेतले, वर दारू असली, तर श्वासाचे केंद्र आणखी लवकर झोपी जाते. माणूस जोराने घोरू लागला, ओठ निळे पडले, हाक मारून उठेना, तर ‘झोपू दे त्याला’ म्हणू नका. त्याला कुशीवर वळवा, १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा, आणि काय घेतले ते न लपविता सांगा.

कायद्याचीही भीती बाळगू नका. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम ६४-अ नुसार, अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा वा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेण्यास गेला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ सुरू केले, ते गर्दग्रस्त मुलांना माणूस म्हणून जवळ घेण्यासाठीच. केंद्र सरकारची १४४४६ ही नशामुक्तीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा विनामूल्य आहे. उपचाराने मंदावलेली घंटाही बऱ्याच जणांत हळूहळू पुन्हा वाजू लागते.

घरी गेल्यावर चार कामे करा. कपाटातील गोळ्या मोजा आणि कुलपात ठेवा. दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी वापरू नका. वेष्टनावर लाल चौकटीत सूचना छापलेले औषध विकताना दुकानदाराने डॉक्टरांचे आणि रुग्णाचे नाव वहीत लिहावे असा नियम २०१४ पासून आहे. चिठ्ठीशिवाय देणाऱ्याला ‘ओळखीचा आहे’ म्हणून पाठीशी घालू नका. आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या मनाने वाढवू नका, मनाने बंदही करू नका.

एके काळी मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची बारीक गोळी देऊन कामावर जात. त्या आया दुष्ट नव्हत्या. पोटासाठी पाळीवर जायचे, मूल सांभाळायला कोणी नाही, म्हणून त्यांनी रडणे थांबविणारी वस्तू हाती धरली. आजच्या मुलाच्या हातातील गोळीही पुष्कळदा असेच काहीतरी थांबविण्यासाठी असते: नापास होण्याची भीती, घरातले भांडण, बेकारीचा बोचरा रिकामा दिवस. गोळी सोडवायची तर ते रडणे कोणीतरी ऐकले पाहिजे. पालकहो, ते तुम्ही ऐका. आणि मित्रांनो, तुम्ही ते सांगा, रागावतील या भीतीने दडवू नका. इथे जमलेल्या प्रत्येक घरात एवढे घडले, तरी आजचा मेळावा सार्थकी लागला असे मी समजेन.