बळ आणि तोल
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



टोकियो ऑलिंपिकमध्ये २४ जुलै २०२१ रोजी मणिपूरच्या मीराबाई चानू यांनी ४९ किलो गटात स्नॅचमध्ये ८७ आणि क्लीन अँड जर्कमध्ये ११५, असे एकूण २०२ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळवले. तो क्षण सर्वांच्या स्मरणात आहे. त्याआधीची हकिकत मात्र फारशी सांगितली जात नाही. २०१७ साली त्या विश्वविजेत्या झाल्या आणि पुढच्याच वर्षी कमरेच्या दुखण्यामुळे आशियाई क्रीडास्पर्धेला मुकल्या. पुढे खांद्यानेही त्रास दिला. २०२० च्या उत्तरार्धात त्या अमेरिकेत ॲरन हॉर्शिग या भौतिकोपचारतज्ज्ञाकडे गेल्या. हॉर्शिग हे स्वतः पूर्वीचे भारोत्तोलक. तेथे आणखी वजन चढवण्याऐवजी स्नायूंमधील असमतोल शोधण्याचे आणि तो दूर करण्याचे काम झाले. एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंदच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलो उचलून विश्वविक्रम केला.

एका उपचाराने विक्रम घडत नाही, त्यामागे वर्षानुवर्षांची मेहनत असते. तरीही विश्वविजेत्या खेळाडूलाही वजन खाली ठेवून आपले शरीर नव्याने तपासावे लागले, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. सोळाव्या-सतराव्या वर्षी प्रथमच व्यायामशाळेची पायरी चढणाऱ्या मुलामुलींना तर ती अधिकच लागू पडते.

शरीराचा तोल बिघडतो कसा, हे समजण्यासाठी एक साधे तत्त्व ध्यानात घ्यावे. स्नायू केवळ ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून प्रत्येक सांध्याभोवती परस्परविरोधी कामे करणारे स्नायू असतात. छातीचे स्नायू खांदा पुढे खेचतात, पाठीच्या वरच्या भागातील स्नायू तो मागे धरून ठेवतात. मांडीच्या पुढच्या बाजूचे स्नायू गुडघा सरळ करतात, मागचे तो वाकवतात. बैलगाडीला जुंपलेल्या दोन बैलांपैकी एक दमदार आणि दुसरा थकलेला असला, तर गाडी चालते खरी, पण सारखी एका अंगाला ओढ घेते. सांध्याचेही तसेच होते.

चेकोस्लोव्हाकियातील वैद्य व्लादिमिर यांदा यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या ओढीचे दोन ठरावीक नमुने वर्णिले. पहिल्या नमुन्यात छाती आणि मानेच्या मागचे स्नायू आखडतात, तर मानेच्या पुढचे खोल स्नायू आणि दोन्ही फऱ्यांमधील स्नायू दुबळे पडतात. मान पुढे येते, खांदे गोल होतात, पाठीला पोक दिसते. दुसऱ्या नमुन्यात खुब्याच्या पुढचे आणि कमरेचे स्नायू आखडतात, पोटाचे व नितंबांचे ढिले पडतात आणि कमरेची खळगी वाढते. आखडलेला आणि ढिला हे दोन्ही स्नायू फुलीसारखे समोरासमोर येतात, म्हणून या नमुन्यांना फुलीचे नाव मिळाले. स्वतः यांदा यांना तरुणपणी पोलिओ झाला होता. स्नायूंच्या चालीकडे पाहण्याची त्यांची नजर पुस्तकांइतकीच अनुभवानेही घडली असावी.

आता नव्या व्यायामपटूचा आठवडा डोळ्यांसमोर आणावा. सकाळी सहा तास बाकावर, संध्याकाळी दोन तास मोबाइलवर मान घालून. त्यानंतर व्यायामशाळेत बेंच प्रेस, दंडाचे व्यायाम, पुन्हा छाती. आरशात जे दिसते तेवढेच वाढवावे, असा मोह होतो. पाठ, नितंब आणि मांडीची मागची बाजू आरशात दिसत नाही, म्हणून ती राहून जाते. बाकाने जे पुढे ओढले, तेच लोखंडाने आणखी पुढे ओढले जाते. काही महिन्यांनी खांदा दुखू लागतो आणि दोष वजनाला दिला जातो.

आपल्या जुन्या आखाड्यांत हा तोल बऱ्याच अंशी आपोआप सांभाळला जाई. जोर हे ढकलण्याचे काम, पण त्याच्या जोडीला मल्लखांब, दोरावरची चढाई आणि हौद्यातील माती उकरणे हे ओढण्याचे काम असे. मुद्गल फिरवताना खांदा सर्व दिशांनी फिरे. सूर्यनमस्कारात पुढे वाकण्यामागोमाग मागे वाकणे येतेच. बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांच्या संपादनाखाली दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ मराठीत निघाला, यावरून महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाने या विद्येकडे किती गांभीर्याने पाहिले ते कळते. जुने ते सारे निर्दोष होते असे नव्हे. विविधता हा त्याचा गुण मात्र निश्चित होता.

स्वतःची तपासणी घरीही करता येते. सैल उभे राहून समोरून आणि बाजूने छायाचित्र काढावे. मुद्दाम छाती काढून उभे राहिल्यास छायाचित्र खोटे ठरते. पाठ भिंतीला टेकवून दोन्ही हात सरळ डोक्यावर न्यावेत. कमर भिंतीपासून सुटते का, एक हात मागे राहतो का, ते पाहावे. एकेका पायावर तीस सेकंद उभे राहावे. एकाच वजनाचा डंबेल उजव्या हाताने किती वेळा आणि डाव्याने किती वेळा नीट ओढता येतो, ते वहीत लिहावे. थोडा फरक सर्वांतच असतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचे दोन्ही खांदे काटेकोर सारखे असण्याची अपेक्षा धरू नये. मोठा आणि सतत दिसणारा फरक तेवढा महत्त्वाचा.

दुरुस्तीचे नियम थोडे आहेत. पहिला: काही काळ बारबेलऐवजी डंबेल घ्यावेत, कारण एकाच दांडीवर सबळ हात दुबळ्या हाताचा भार गुपचूप उचलतो. दुसरा: आरंभ दुबळ्या बाजूने करावा, आणि ती जितक्या आवृत्त्या करील तितक्याच सबळ बाजूने कराव्यात, अधिक नाही. तिसरा: ढकलण्याच्या प्रत्येक संचाला ओढण्याचा निदान एक संच असावा. पोक असल्यास काही आठवडे दोन असावेत. वाकून डंबेल ओढणे, पालथे पडून दोन्ही हात तिरपे वर उचलणे हे व्यायाम पाठीच्या वरच्या भागाला उपयोगी पडतात. उताणे पडून गुडघे दुमडून कंबर उचलण्याने नितंब जागे होतात. एक पाय पुढे ठेवून केलेल्या बैठकांनी दोन्ही पायांतला फरक उघडा पडतो आणि भरूनही निघतो. चौथा: आखडलेला स्नायू केवळ ताणून भागत नाही. ताणल्याने मिळालेली मोकळीक त्या नव्या टप्प्यात बळ आले तरच टिकते. पाचवा: वजन इतकेच असावे की शेवटची आवृत्तीही पहिल्यासारखी दिसेल.

या कामाला वेळ लागतो. पहिल्या काही आठवड्यांत वाढणारे बळ मुख्यतः मज्जासंस्थेच्या शिकण्यातून येते. स्नायूची भरीव वाढ त्यानंतर दिसते. म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा छायाचित्र काढावे, वहीतील आकडे ताडून पाहावेत, आणि मगच वजन वाढवावे.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणे अगत्याचे आहे. पोक दिसते म्हणून दुखणे येणारच, असा सरळ हिशेब नाही. पोक असूनही न दुखणारे अनेक आणि ताठ असूनही दुखणारे अनेक असतात. तेव्हा मुलाला उठता-बसता ‘सरळ बस’ म्हणून टोचण्यापेक्षा त्याला दर अर्ध्या तासाने उठून चालू द्यावे. एकाच स्थितीत फार वेळ राहणे शरीराला मानवत नाही, मग ती स्थिती कितीही ताठ असो. दुसरी गोष्ट अशी की प्रत्येक वाकडेपण स्नायूंचे नसते. मूल पुढे वाकले असता पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली, तर कणाच वळलेला असण्याचा संभव असतो, आणि वाढीच्या वयात तो अस्थिरोगतज्ज्ञाला वेळीच दाखवावा. हातापायाला मुंग्या, बधिरता, रात्री झोपमोड करणारी वेदना असेल, तर डंबेल ठेवून प्रथम वैद्याकडेच जावे.

साठ वर्षांत या शाळेने परप्रांतात राहून मराठीचा वसा सांभाळला. मैदान आणि व्यायामशाळा हाही त्याच शिक्षणाचा भाग आहे. येथील व्यायामशाळेत किती किलो उचलले याची नोंद ठेवली जात असेल, तर तिच्या शेजारी आणखी दोन रकाने आखावेत: उजवी बाजू आणि डावी बाजू. त्याला खर्च काहीच नाही. ज्या मुलामुलींना आज आपला फरक आकड्यांत दिसेल, त्यांतील काहींचा खांदा आणि काहींची कंबर पुढची चाळीस वर्षे कुरकुर न करता साथ देईल.